निदियाचं मागचं चाक

“ब्रेक नको म्हणे! तुझ्या डोक्याला नाही, म्हणून पोरीच्या सायकलला पण नको?” उस्ताद एवेलियो ओरडले आणि हातातला पाना टेबलावर असा आपटला की डब्यातले बेअरिंगचे छर्रे उडून सगळ्या दुकानभर सांडले.

“नको कुठे म्हटलं मी? मी म्हटलं, घाण दिसतो.”

“घाण तर तू पण दिसतोस. काढून टाकू का दुकानातून?”

निदिया खुदकन हसली. मला कुणी असं हसलं की माझं डोकं फिरतं. मी स्टुलाला लाथ घातली. स्टूल जाऊन दारावर आदळलं. उस्ताद एकदम थंड आवाजात म्हणाले, “हां. आता छर्रे वेच. सगळे. मग स्टूल उचल. मग तोंड उघड.”

मी छर्रे वेचायला बसलो. निदिया पण शेजारी बसली. “राहू द्या हो दुवान, मी घेते. तुमचे गुडघे आधीच फुटलेत.”

हे असं. ती मला ‘तुम्ही’ म्हणते. मावसबहीण आहे माझी, वयानं माझ्याहून मोठी, आणि मला तुम्ही! ती बोयाकाची, डोंगरातल्या गावातली. तिकडे रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला पण ‘जरा सरकता का’ म्हणत असतील. इथे बोगोटात आम्ही जिवलग मित्राला पण आईवरून हाक मारतो. आधी मला वाटलं, चिडवतेय. चिडवत नव्हती. आणि आज सकाळपासून मला ते ‘तुम्ही’च सगळ्यात जास्त टोचतंय.

निदिया आमच्याकडे राहायला आली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला लागली. पहाटे भट्टी, दुपारी काउंटर. अंगाला सारखा चीजच्या गरम पावांचा वास. पण डोक्यात एकच, वेलोड्रोम, सायकलच्या शर्यतींचं गोल मैदान. तिथल्या पोरींच्या टीमची बाई तिला म्हणाली होती, पाय चांगले आहेत तुझे, स्वतःची सायकल घेऊन ये, मग बघते. स्वतःची म्हणजे तिथे चालते तशी. गीअर नसलेली, मागे दात्यांची एकच चकती असलेली, आणि फिक्स. फिक्स म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरतच राहणार. साध्या सायकलवर पाय थांबवले की ती टकटक करत आपली जात राहते. हिच्यावर तसं नाही. पाय रोखले की चाक रोखलं जातं. पाय हाच ब्रेक.

“दुवान, तुम्ही मला बांधून द्याल?” तिनं विचारलं. मी म्हटलं, बघू. आतून फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. मला शाळेत कधी कुणी काही मागितलं नव्हतं. शाळेत फक्त ‘कुठे होतास’ विचारायचे. मग मी जाणंच बंद केलं, प्रश्नच मिटला.

दर पगाराला एक वस्तू, असं ठरलं. शनिवारी दुपारी बेकरीतून सुटली की ती सिएते दे आगोस्तोच्या गल्लीत यायची. तिथे एका रांगेत सगळी सायकलचीच दुकानं, आणि आमचं उस्तादांचं सगळ्यात चिंचोळं. आम्ही दोघं गल्लीभर हिंडायचो. दुकानदार हाका मारायचे.

“ये राणी, ये! ही बघ फ्रेम, थेट इटलीची!”

“इटलीची असती तर तू स्वतः विकून इटलीला गेला असतास,” मी म्हणायचो.

“ए एवेलियोच्या शेपटा, तुला कुणी विचारलं?”

फ्रेम शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. चकचकीत रंगाच्या खूप होत्या. निदियाला एक लाल आवडली. मी दोरा काढला. मागचं चाक बसतं त्यातल्या एका खाचेला बांधला, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणला, आणि मधल्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर स्पोकनं मापलं. एका बाजूला स्पोक सैल, दुसरीकडे अडकला. “वाकडी आहे. कुणीतरी आपटलीय आणि वरून रंग मारलाय.” दुकानदारानं मला शिवी दिली. निदियानं मात्र दोरा माझ्याकडून घेतला आणि पुढच्या फ्रेमला स्वतः लावून बघितला. लगेच जमलं तिला.

शेवटी भंगारात लटकलेली एक हिरवी मिळाली. जुनी, लोखंडी, इथेच बोगोटात कुणीतरी जोडलेली. मागच्या खाचा आडव्या. गीअरच्या सायकलला चेन ताणायला एक हात लटकत असतो, हिला तो नसतो. हिचं चाकच खाचेत मागे ओढायचं, चेन ताठ झाली की नट कसायचे. खाच उभी असली तर संपलं, चेन कायम लोंबणार. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं अशी मान हलवली, जसं काही मी तिला गुप्तधन दाखवतोय.

मग क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे. आखूड घेतले, म्हणजे वळणावर पेडल जमिनीला घासत नाही, कारण फिक्सवर वळणात पाय थांबवायची सोय नसते. मग पुढचे दाते किती, मागचे किती, यावरून चुचो आणि उस्तादांचं भांडण. चुचो म्हणजे आमच्या टोळीचा म्होरक्या. सामान पोचवायचं काम करतो, आणि स्वतःला काय समजतो ते त्यालाच माहीत.

“अठ्ठेचाळीस-सोळा टाका उस्ताद. पळाली पाहिजे!”

“पळेल ती. तुझ्यासारखे गुडघे पळून जायचेत का तिचे? चव्वेचाळीस-अठरा.”

“चव्वेचाळीस-अठरा आजी लावतात.”

“तुझ्या आजीला पाठव मग, तिला पण लावून देतो.”

चव्वेचाळीस-अठरा लागलं. निदियानं चकतीचे दाते बोटानं मोजून घेतले. हँडल तिनं सरळ घेतलं, दोन्ही टोकं करवतीनं कापायला लावली. म्हणाली, थंडीत अंगावर घेतलेल्या घोंगडीची कड त्यात अडकत नाही. सीट तिला जुनी कातडी मिळाली, मधे खोलगट झालेली. मी म्हटलं, टाकून दे, दुसऱ्याच्या बुडाची आहे. ती म्हणाली, “बसून बसून नरम झालीय, मला आयती मिळाली.”

आणि मग मागचं हब.

हे नीट सांगावं लागेल, कारण सगळं इथेच अडकलंय. चाकाच्या मधोमध जो लोखंडी नळा असतो ना, ज्यातून सगळे स्पोक निघतात, ते हब. त्याच्या एका बाजूला आटे असतात. त्यावर दात्यांची चकती फिरवून बसवायची. पुढे पेडल मारलं की चकती आणखी घट्ट बसते. पण फिक्सवर थांबायला तुम्ही पाय उलटे दाबता, तेव्हा तीच चकती सुटायला बघते. म्हणून फिक्सच्या खऱ्या हबवर चकतीच्या बाहेर आणखी आटे असतात, उलटे, आणि त्यावर एक रिंग. तुम्ही जितकं मागे दाबाल तितकी ती रिंग चकतीला आवळून धरते. एवढंच. एवढ्याशा उलट्या आट्यांवर माणसाचा जीव असतो.

तसलं एक हब उस्तादांच्या खणात होतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. वेलोड्रोमच्या कुणा जुन्या खेळाडूच्या मोडक्या सायकलमधून काढलेलं. एक्सल बोटानं फिरवला तर फिरतच राहायचा, आवाज नाही, खरखर नाही. मी कितीदा तरी ते गुपचूप काढून फिरवून परत ठेवलं होतं. उस्तादांकडे मागून पण बघितलं.

“मला द्या ना उस्ताद.”

“तू ब्रेक लाव, मग बघू.”

आणि निदियानं तर मागितलं पण नव्हतं. एका शनिवारी उस्तादांनी खण उघडला, फडकं टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, “हे हिच्या चाकात विण. चांगल्या रिममध्ये. आणि पुढे ब्रेक लावायचा, कळलं? घाण दिसू दे.”

निदियानं त्यांचा काळा हात दोन्ही हातांत धरला.

आणि मी? मी जळून कोळसा झालो. दुकान झाडतो मी. शिव्या खातो मी. चेन धुवून माझी नखं कायमची काळी झालीत. आणि हब तिला, कालची आली ती, तिला. मी रागावलो की लाथ मारतो, हे सगळ्यांना माहितीय. लाथ मारली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी गप्प राहिलो, आणि मी गप्प राहिलो की काय करतो ते मलाही माहीत नव्हतं.

मग उस्ताद बहिणीच्या गावच्या जत्रेला गेले. दुकान माझ्यावर. मी दोन चाकं विणली. चांगलं हब माझ्या चाकात. वरून काळा रंग मारला, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. आणि तिच्या चाकात एका भंगार साध्या सायकलचं हब, पाय थांबवता येतात तसल्या फ्रीव्हीलचं, एकाच आट्याचं. घासूनपुसून चमकवलं. फ्रीव्हीलच्या आट्यांवर फिक्सची चकती मस्त बसते, तिला काय कळतंय. बाहेरून रिंग दिसायला हवी म्हणून क्रँकच्या कपाची जुनी रिंग काढून वर आवळली. तिचे आटे सरळच, म्हणजे चकती सुटली तर ही पण तिच्याबरोबर सुटणार. आट्यांना निळा गोंद लावला. बाहेरून बघाल तर एकदम खरं. ही चलाखी गल्लीतल्या पोरांना सगळ्यांना येते. गरीब पोरं स्वतःच्या सायकलला करतात, पुढे ब्रेक ठेवून, आणि स्वतःला माहीत असतं की मागचा भरवसा नाही. दुसऱ्याच्या सायकलला न सांगता कुणी करत नाही. मी केलं.

आणि त्या चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, मी असा काढला की काय सांगू. आयुष्यात इतकं सरळ चाक मी कधी केलं नव्हतं. चोरी करताना हात किती नीट चालतो!

उस्ताद आले. चाक फिरवलं, रिमजवळ खिळा धरला. खिळा कुठे लागेना. वाकून रिंगकडे पण बघितलं असेल, पण त्यांचा उजवा डोळा आता धूसर झालाय, आणि चाक इतकं सरळ फिरत होतं की शंका कशाला येईल.

“शिकलास रे,” ते म्हणाले. माझ्या मानेवर थोपटलं. मी दुकानात आल्यापासून पहिल्यांदा. आणि मी पुढचा ब्रेक मुकाट्यानं लावायला घेतला तेव्हा म्हणतात कसे, “बघ, आज तोंड पण वाकडं केलं नाहीस. अक्कल येतेय.”

अक्कल कसली? मला तो ब्रेक हवा होता. त्या ब्रेकच्या जिवावर तर मी रात्री झोपत होतो. मी मनात म्हणायचो, ती कुठे डोंगरात जाणारे? घर ते बेकरी, बेकरी ते वेलोड्रोम, सगळा सपाट रस्ता. मधे सिग्नलला पुढचा ब्रेक दाबेल, थांबेल. निवड झाली की टीम तिला दुसरं चाक देईलच. तोवर मी हब वापरतो, मग परत घालतो. परत घालतो, परत घालतो. रोज म्हणायचो. आणि रोज त्याच हबवर बसून हवेसारखा उडत जायचो. हब खरंच भारी आहे, हे सांगायला पण लाज वाटते.

आता टोळीचं सांगतो. आम्ही पाच-सहा पोरं, सगळी फिक्सवाली, सगळी बिनब्रेकची. नवा कुणी आला की त्याला रविवारी सकाळी पातिओसला न्यायचं. पातिओस म्हणजे शहराच्या कडेचा घाट, वर टोलनाका. रविवारी अख्खं बोगोटा तो चढत असतं. नव्या माणसानं ब्रेक काढून चढायचं, नाक्याच्या पिवळ्या खांबाला हात लावायचा आणि पाय न टेकवता तसंच वळून खाली सुटायचं. पाय टेकला तर त्याचं नाव कायमचं ‘काठी’. आमच्यातला एक अजून काठीच आहे, त्याची आई पण आता त्याला काठी म्हणते.

पाय टेकवायचा नाही, हे कलम कुणी घातलं माहितीय? मी.

काल शनिवार, पण बेकरी बंद करायची पाळी निदियाची होती. संध्याकाळी सगळे बेकरीसमोर जमले होते. निदिया शटर ओढून बाहेर आली, हिरवी सायकल घेऊन. चुचोनं ब्रेक बघितला आणि डोक्याला हात लावला.

“अरे देवा, ब्रेक! पुढे टोपली पण लाव ना ताई, अंडी आणायला.”

“आणि घंटी,” काठी म्हणाला.

“तू गप रे काठी! तुला बोलायचा अधिकार नाही.”

सगळे हसले. निदिया पण हसली, पण तिचे कान लाल झाले. “उद्या तुमच्याबरोबर आले तर चालेल का?” तिनं विचारलं.

“ब्रेक काढलास तर.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “दुवान, तुम्ही काय म्हणता? काढू?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त एक ‘नको’ म्हणायचं होतं. पण नको म्हटलं असतं तर चुचोनं विचारलं असतं, का रे? आणि माझ्यासारखा बिनब्रेकवाला, ब्रेकला घाण म्हणणारा, का नको म्हणतोय, याचं एकच उत्तर होतं, आणि ते माझ्या चाकात काळ्या रंगाखाली होतं.

“तुझी सायकल,” मी म्हणालो. “तुझी मर्जी.”

“तुम्ही बांधलंय, म्हणजे चाक धरेल ना?”

मी मान हलवली. कशी हलवली ते सांगायला नको.

तिनं माझ्याच खिशातून पाना घेतला, दोन बोल्ट काढले आणि ब्रेक माझ्या हातात ठेवला. “सांभाळा हां. उस्तादांना कळलं तर ओरडतील. सोमवारी परत लावू.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. चुचोनं तिच्या पाठीवर थाप मारली. आणि मी ब्रेक खिशात घालून त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवल्या.

आज पहाटे मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिलो. म्हटलं, मी नसलोच तर माझा काय संबंध? माझ्या डोळ्यांसमोर तर होणार नाही. असं वाटलं मला, खरंच वाटलं. निदिया तयार होऊन आली, उशाशी गुळाचं गरम पाणी ठेवलं, वर बशी झाकली. “घोट घोट घ्या. आल्यावर सांगते तुम्हाला सगळं.” जिन्यावरून सायकल उतरवताना चाकाचा आवाज सुद्धा आला नाही, इतकं सरळ केलंय मी ते.

मी गुळाचं पाणी प्यालो नाही. बघत बसलो. वरची बशी घामेजली.

मग मी उठलो, माझ्या सायकलचं मागचं चाक काढलं, पाना घेतला आणि बस गाठली.

ड्रायव्हर म्हणाला, “चाकाचं तिकीट वेगळं.”

“मांडीवर बसेल ते.”

“रडलं तर खाली उतरवीन.”

बसमधून मी चुचोला फोन लावला. चढताना पण उचलतो तो, शहाणा. धापा टाकत म्हणाला, “काय रे, पोट मोकळं झालं का? इकडे ऐक, तुझी बहीण राक्षस आहे राक्षस. आम्हाला फाडतेय.” मागून पोरांचा दंगा ऐकू येत होता. मी तोंड उघडलं. म्हणायचं होतं, तिला थांबव. पण त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, सगळ्यांनी ऐकलं असतं. मी म्हणालो, “मजा करा.” आणि ठेवला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. घाटात बसनं त्यांना गाठलं. खिडकीतून मला ती दिसली. सीटवरून उठून, हँडल धरून, अख्खं अंग एकेका पेडलवर टाकत चाललेली, वेण्या पाठीवर आपटतायत. मला दोरी ओढून बस थांबवता आली असती. पण मी खाली वाकलो. खिडकीखाली! चाकाला मिठी मारून, शेजारच्या बाईला वाटलं मला मळमळतंय, तिनं पिशवी पुढे केली.

चढताना काही होत नाही, म्हणून वाकलो, असं मी स्वतःला सांगितलं. आणि ते खरं पण आहे. चढताना चकती घट्टच होत जाते. जे काय व्हायचं ते उतरताना. ती नाक्यावरून वळणार, सायकल सुटणार, पहिल्या वळणावर ती पाय रोखणार, निळा गोंद जरा वेळ धरेल, मग टक, आणि पेडल रिकामी फिरायला लागतील. पुढे ब्रेक नाही. एका बाजूला कडा, दुसरीकडे दगडांचे ट्रक. तिला कळणार पण नाही काय झालं. तिला वाटेल, तिचंच काहीतरी चुकलं. ती आहेच तशी.

आता मी नाक्याजवळच्या टपरीवर बसलोय. मांडीवर चाक. ढग इतके खाली आलेत की शहर दिसतच नाहीये. सायकलवाले येतात, गुळाचं पाणी आणि चीज घेतात, फोटो काढतात. टपरीवाली मावशी मघाशी म्हणाली, “उरलेली सायकल कुठंय रे?”

“मागून येतेय.”

“आधी चाक येतं होय तुमच्याकडे? बरं आहे. काही खाणार?”

“नको.”

“तोंड बघ. कुणाला मारून आलास का?”

ती हसत होती, तिला काय माहीत.

बसल्या बसल्या मी एक युक्ती पण शोधलीय. म्हणायचं, निदिया, थांब, उतरायला माझं चाक घे, हलकं आहे, तुला सोपं जाईल. पान्यानं नट सोडायचे, चाक बदलायचं, झालं. कुणाला काही कळणार नाही. हब जिचं तिच्याकडे जाईल, मी तिचं खोटं चाक घेऊन बसनं घरी. चुचो म्हणेल, भाऊ असावा तर असा. एकदम बिनतोड.

फक्त ती काय म्हणेल ते मला माहितीय. ती म्हणेल, “आणि तुम्ही हो? तुम्ही कशावर येणार?” मग घरी जाऊन आईला सांगेल, उस्तादांना सांगेल, दुवाननं पोट दुखत असताना डोंगरावर चाक आणून दिलं. उस्ताद परत माझ्या मानेवर थोपटतील. मी ते सगळं घ्यायचं. आयुष्यभर ती मला तुम्ही म्हणणार आणि मी ते पण घ्यायचं. ते मघापासून घशाखाली उतरत नाहीये.

दुसरं म्हणजे खरं सांगायचं. पोरांसमोर, कारण ती एकटी भेटणारच नाही. हब मी ढापलं. चाक खोटं आहे. मग टोळी गेली, दुकान बहुतेक गेलं. उस्ताद मारणार नाहीत. उस्ताद ते फडकं घेऊन खणात घालतील आणि माझ्याकडे बघणार नाहीत. आणि निदिया... मला वाटतं, ती मला ‘तू’ म्हणेल. पहिल्यांदा.

मी चाकाच्या हबवरचा काळा रंग नखानं खरवडतोय. मघापासून बराच निघालाय. खालचं चांदीसारखं लोखंड दिसायला लागलंय. चुचोला ते हब पाठ आहे, त्यानं पण उस्तादांकडे मागितलं होतं. आता हे चाक बघितलं की सांगायची पण गरज पडणार नाही. मुद्दाम खरवडतोय का? माहीत नाही. हो. मुद्दाम.

“ए पोरा,” मावशी म्हणतेय, “ती बघ एक मुलगी, बाप रे, बाकीचे कुठच्या कुठे राहिले!”

तीच आहे. हिरवी सायकल. एकटी. पोरं मागच्या वळणावर पण दिसत नाहीत. तोंड लालभडक, दात दिसतायत, हसतेय की रडतेय कळत नाही. तिनं मला बघितलेलं नाही. ती फक्त पिवळ्या खांबाकडे बघतेय, आणि एक हात आत्ताच हँडलवरून सुटलाय. ती थांबणार नाही. पाय टेकवायचा नाही ना.

खांब आणि ती, मधे मला उभं राहायला हवं. मला आता निघायला हवं.